रविवारचा हक्क

मुलांनो, सोमवारी सकाळी तुम्ही कधी विरार किंवा नालासोपारा स्टेशनवर गेला आहात का? फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. गाडी आली की माणसे धावतात, दारात लटकतात. कोणी अंधेरीला उतरतो, कोणी दादरला, कोणी थेट चर्चगेटपर्यंत जातो. रात्री ही माणसे दमून घरी परततात, तेव्हा घरातली लहान मुले बहुधा झोपी गेलेली असतात. असे सहा दिवस जातात आणि मग रविवार उजाडतो. तुम्ही घरी ज्याला इतवार म्हणता, तोच हा वार. या दिवशी गाडीत बसायला जागा मिळते. अब्बा घरी असतात. कोणी बाजारहाट करतो, कोणी नातेवाइकांना भेटायला जातो, कोणी मुलांना घेऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर किंवा वसईच्या किल्ल्यात फिरायला जातो.

रविवारी सुट्टी असायचीच, असे आपल्याला वाटते. सूर्य पूर्वेला उगवतो, तशीच ही गोष्ट आहे असे आपण समजतो. पण तसे नाही. एक काळ असा होता की मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या माणसाला आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. ही सुट्टी त्याला मागावी लागली. त्यासाठी सभा भरवाव्या लागल्या, अर्ज करावे लागले आणि सहा वर्षे वाट पाहावी लागली. या सगळ्या कामात जो माणूस पुढे होता, त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. म्हणजे ते एका अर्थाने तुमच्याच जिल्ह्यातले. आपला पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्याआधी वसई तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. लोखंड्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. घरची स्थिती साधी होती. नारायणराव पाच वर्षांचे असताना, १८५३ साली, मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढे १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनपर्यंत गाडी सुरू झाली. त्या वेळी दिवसातून एकच गाडी जायची आणि एकच परत यायची! नारायणराव तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आगगाडी, तारायंत्र, वाफेवर चालणारी गिरणी अशा नव्या नव्या गोष्टी त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या मुलखात येत होत्या.

त्यांना फार शिकता आले नाही. लवकरच नोकरी धरावी लागली. त्यांनी आधी रेल्वेच्या आणि टपालाच्या खात्यात काम केले. नंतर ते मुंबईत एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. गिरणीला लागणारे सामान सांभाळायचे, त्याचा हिशेब ठेवायचा, असे हे काम. भांडारपालाला यंत्रावर उभे राहावे लागत नाही. पण कामगार सामान न्यायला त्याच्याकडे येतात. त्यांचे हात, त्यांचे चेहरे, त्यांचा खोकला हे सारे त्याला रोज दिसते. नारायणरावांनी ते पाहिले आणि ते त्यांच्या मनातून गेले नाही.

त्या काळच्या गिरणीत काय चालत असे, हे समजून घ्यायचे तर आपल्याला थोडे दूर जावे लागेल, अगदी इंग्लंडपर्यंत.

आपली वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली. चार नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून ती बनवली, हे तुम्हांला माहीत असेल. इंग्लंडच्या उत्तर भागातही १९७४ साली असेच झाले. मँचेस्टर, सॅलफर्ड, बोल्टन, ओल्डहॅम, रॉचडेल आणि आणखी पाच भाग मिळून एक मोठा महानगरी जिल्हा केला. त्याचे नाव ग्रेटर मँचेस्टर. ही गावे आधीपासूनच एका धाग्याने बांधलेली होती, आणि तो धागा कापसाचा होता. अठराव्या शतकाच्या शेवटी या भागात सूतकताईच्या गिरण्या निघाल्या. पाहता पाहता तिथे उंच धुराडी उभी राहिली. त्या गिरण्यांचे कापड साऱ्या जगात जाऊ लागले. ते हिंदुस्थानातही आले आणि इतके स्वस्त आले की आपल्याकडच्या कितीतरी विणकरांचे हातमाग बंद पडले.

मग मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी विचार केला की कापूस आपल्याकडे पिकतो, तर गिरण्याही इथेच का काढू नयेत? १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. त्यानंतर गिरण्यांची रांगच लागली. मुंबईतील पुष्कळ गिरण्यांची यंत्रे मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम गावातून बोटीने येत. यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर मँचेस्टरचे कामाचे वेळापत्रकही आले. पण एक गोष्ट मात्र आली नाही. तिकडच्या मजुरांनी अनेक वर्षे धडपड करून जे कायदे मिळवले होते, ते कायदे इकडे आले नाहीत.

इंग्लंडमध्ये १८३३ सालीच मुलांच्या कामाचे तास कायद्याने कमी केले होते. १८५० पासून तिथल्या कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि तरुण मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले. रविवारची सुट्टी तर होतीच. १८६८ साली मँचेस्टर शहरात निरनिराळ्या मजूर संघटनांची मोठी परिषदही भरली होती. मुंबईत यांतले काहीच नव्हते. सूर्य उगवला की गिरणी सुरू आणि सूर्य मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तास. दुपारी जेवायला ठरलेली सुट्टी नाही. यंत्र चालू असतानाच आळीपाळीने दोन घास खाऊन घ्यायचे. हवेत कापसाचे तंतू उडत आणि ते नाकातोंडात जात. सात-आठ वर्षांची मुलेही कामावर असत. पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. तो कितीतरी दिवस मालकाकडे अडकून राही आणि तोवर मजूर वाण्याच्या उधारीवर जगे. पट्ट्यात हात सापडून कोणी जखमी झाला, तर त्याची नोकरीही जाई आणि पगारही जाई.

सुट्टी म्हणाल तर सणावाराला गिरणी बंद असे तेवढीच. काही गिरण्या रविवारी बंद ठेवत, पण त्यातही खोच होती. यंत्रांची साफसफाई करण्यासाठी कामगारांना रविवारी सकाळी बोलावत. सफाई होईपर्यंत दुपार होई. मग कसली सुट्टी आणि कसला आराम! सरकारी कचेऱ्यांतले साहेब आणि कारकून रविवारी घरी असत. गिरणीतला मजूर मात्र यंत्र पुसत असे.

नारायणरावांवर महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा प्रभाव होता. फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. सर्व माणसे समान आहेत, कोणी जन्माने मोठा किंवा लहान नसतो, असे हा समाज सांगे. नारायणराव मुंबईत या समाजाचे काम करू लागले. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात 'दीनबंधू' नावाचे वर्तमानपत्र काढले होते. पैशाअभावी ते चालवणे कठीण झाले. तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईला आणले आणि ते त्याचे संपादक झाले.

इथे एक गंमत सांगायला हवी. उर्दूत 'दीन' म्हणजे धर्म. मराठीत मात्र 'दीन' म्हणजे गरीब, ज्याला कोणाचा आधार नाही असा माणूस. 'बंधू' म्हणजे भाऊ. म्हणून 'दीनबंधू' या नावाचा अर्थ झाला गरिबांचा भाऊ. या पत्रात शेतकरी आणि मजूर यांच्या अडचणी छापून येऊ लागल्या. कोणत्या गिरणीत पगार अडला, कुठे अपघात झाला, कुठे मजुरांवर अन्याय झाला, हे लोकांना कळू लागले. ज्यांची बातमी कोणी छापत नव्हते, त्यांना आता आपले एक पत्र मिळाले.

१८८१ साली सरकारने हिंदुस्थानातील कारखान्यांसाठी पहिला कायदा केला. सोराबजी शापुरजी बंगाली या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी त्यासाठी खूप खटपट केली होती. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या, असे ठरले. पण मोठ्या माणसांसाठी आणि स्त्रियांसाठी या कायद्यात तासांची मर्यादा नव्हती आणि सुट्टीही नव्हती.

आता एक प्रश्न असा आला की त्याचे उत्तर सोपे नव्हते. तुम्हीही त्याचा विचार करा. हिंदुस्थानात कारखान्यांचे कायदे कडक व्हावेत, असे मँचेस्टरचे गिरणीमालकही मोठ्याने म्हणत होते. त्यांना मुंबईच्या मजुरांची दया आली होती का? काही भल्या माणसांना खरोखरच आली असेल. पण बहुतेक मालकांची काळजी वेगळी होती. मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस पुढे चालल्या होत्या. त्यांचे सूत चीनच्या बाजारात खपू लागले होते. इथे कामाचे तास कमी झाले, तर इथला माल महाग होईल आणि आपला माल खपेल, असा मँचेस्टरचा हिशेब होता. हे मुंबईच्या मालकांनी ओळखले. देशावर प्रेम करणाऱ्या अनेक पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनीही ओळखले. म्हणून हा कायदा म्हणजे आपला धंदा बुडवण्यासाठी रचलेला डाव आहे, असे म्हणून त्यांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

पण मग मजुराने काय करायचे? मँचेस्टरचा मालक आपल्या फायद्याचे पाहत होता आणि मुंबईचा मालक आपल्या. दोघांच्या भांडणात चौदा तास उभा राहणारा माणूस कोणालाच दिसत नव्हता. नारायणरावांना तो दिसला. त्यांनी मँचेस्टरची बाजू घेतली नाही आणि मुंबईच्या मालकांचीही घेतली नाही. त्यांनी मजुराची बाजू घेतली. कायदा कोणाला का हवा आहे, हा वाद मोठ्यांनी करावा. पण थकलेल्या माणसाला विश्रांती हवी, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. देशाचा धंदा वाढावा, असे त्यांनाही वाटत होते. मात्र ज्यांच्या घामावर तो धंदा उभा होता, त्यांचे जीवन त्यात संपून जाऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

१८८४ साली सरकारने कारखान्यांची चौकशी करायला एक समिती नेमली. ही समिती कोणाचे ऐकणार? मालकांचे म्हणणे मांडायला त्यांचा संघ होता, वकील होते, इंग्रजी जाणणारी माणसे होती. मजुरांचे म्हणणे कोण मांडणार? नारायणरावांनी मजुरांनाच एकत्र बोलावले. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात परळ भागात मजुरांच्या सभा भरल्या. हिंदुस्थानात गिरणी कामगारांच्या अशा सभा याआधी झाल्या नव्हत्या. सभेत मागण्यांचा एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. याच चळवळीतून 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन', म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना, उभी राहिली. नारायणराव तिचे अध्यक्ष होते. भारतातील कामगार संघटनेची सुरुवात इथून मानतात.

या अर्जात मागितले तरी काय होते? पहिली मागणी अशी की सर्व कामगारांना दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. चौथी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. पाचवी, काम करताना कोणी जखमी झाला, तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. या मागण्या आज वाचताना आपल्याला नवल वाटते. यात चैनीची एकही गोष्ट नाही. पण एवढ्या साध्या गोष्टीही तेव्हा मिळाल्या नाहीत. समितीने अहवाल दिला, कागद कचेरीत राहिले आणि गिरण्या पहिल्यासारख्याच चालू राहिल्या.

नारायणराव निराश झाले नाहीत. 'दीनबंधू'तून ते लिहीत राहिले. मजुरांच्या वस्तीत जाऊन बोलत राहिले. गिरण्यांत तेव्हा नाना ठिकाणची माणसे होती. कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसे होती, तशीच उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकरही होते. हातमागाचा धंदा बसल्यावर ते पोटासाठी मुंबईला आले होते आणि मदनपुऱ्यात राहत होते. तुमच्यापैकी काहींच्या घरी अशा विणकर पूर्वजांच्या आठवणी असतील. यंत्रापुढे सगळे सारखेच होते. थकवा हिंदू नसतो आणि मुसलमानही नसतो.

अखेर १८९० साल उजाडले. २४ एप्रिल रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. लक्षात घ्या, ही गोष्ट १८९० सालची आहे. त्या वेळी बाईमाणसाने चारचौघांत बोलणेही लोकांना रुचत नसे. अशा काळात गिरणीत राबणाऱ्या दोघी जणी हजारो लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि आपली अडचण सांगू लागल्या. कामगारांनी पुन्हा एकदा मालकांकडे रविवारच्या सुट्टीची मागणी केली. या वेळी मालकांना ती टाळता आली नाही. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

तुम्ही विचाराल, की रविवारच का? तुमच्यापैकी अनेकांना शुक्रवार जवळचा, कारण तो जुम्म्याचा दिवस. कोणाला सोमवार महत्त्वाचा, कोणाला गुरुवार. पण गिरणीचे यंत्र एका माणसासाठी थांबत नाही. ते थांबले तर सगळ्यांसाठी एकदम थांबते. म्हणून सर्वांना मिळून एक दिवस ठरवणे भाग होते. कचेऱ्या रविवारी बंद असतच. खरे पाहता वार कोणता, यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची होती. आठवड्यातला एक दिवस मालकाचा नाही, तो मजुराचा स्वतःचा आहे, हे त्या दिवशी मान्य झाले.

त्याच वर्षी सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आणखी एक मंडळ नेमले. मुंबईच्या कामगारांची बाजू सांगण्यासाठी नारायणरावांना त्यात घेण्यात आले. पूर्वी ज्या मजुरांचे कोणी ऐकत नव्हते, त्यांच्या प्रतिनिधीला आता सरकारने बोलावले होते. १८९१ साली नवा कायदा झाला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली. स्त्रियांकडून दिवसाला अकरा तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, असे ठरले. पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र अजूनही मर्यादा घातली नव्हती. त्यासाठी आणखी वीस वर्षे जावी लागली. सगळे एकदम मिळत नाही, हे यावरून दिसते.

नारायणरावांचे काम गिरणीपुरते नव्हते. त्या काळी काही जातींत नवरा वारला की बायकोचे केस कापून टाकत. बिचाऱ्या बाईला कोणी विचारतही नसे. नारायणरावांनी मुंबईतल्या न्हाव्यांची सभा भरवली आणि हे काम आपण करणार नाही, असे न्हाव्यांनी ठरवले. हीसुद्धा १८९० सालचीच गोष्ट. वस्तरा ज्याच्या हातात आहे, त्यानेच नाही म्हटले तर वाईट रीत चालणार कशी? नारायणरावांची रीत नेहमी अशीच असे. ज्यांच्या हातून काम होते, त्यांनाच ते एकत्र करत.

१८९३ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईवर मोठे संकट आले. हिंदू आणि मुसलमान यांच्यात भयंकर दंगल झाली. काल एकाच गिरणीत शेजारी शेजारी उभे राहून काम करणारी माणसे आज एकमेकांच्या जिवावर उठली. अनेकांचे प्राण गेले, दुकाने बंद झाली, गिरण्याही बंद पडल्या. हातावर पोट असणाऱ्यांचे दोन्हीकडे हाल झाले. अशा वेळी बहुतेक लोक दार लावून घरात बसतात. नारायणराव घरात बसले नाहीत. त्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत हजारो कामगारांची सभा भरवली. दोन्ही समाजांनी पुन्हा एकत्र नांदावे, यासाठी त्यांनी मनापासून खटपट केली. ज्यांचे दुःख एक आहे, त्यांनी आपसांत लढून काय मिळवायचे, हा प्रश्न त्यांना पडला होता. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. पण किताब मिळाला म्हणून ते मजुरांपासून दूर गेले नाहीत.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात त्याचे पहिले रोगी सापडले. या रोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि चार दिवसांत माणूस जाई. लोक घाबरले. ज्यांना शक्य होते ते गाठोडी बांधून आपापल्या गावी निघाले. स्टेशनांवर आणि बंदरांवर गर्दी उसळली. नारायणरावांचे गाव होते, ओळखीही होत्या. तेही निघून जाऊ शकले असते. पण चाळींतून आजारी पडलेल्या गरीब माणसांना जायला जागा नव्हती. नारायणराव त्यांच्यासाठी थांबले आणि रोग्यांच्या सेवेत गुंतले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर महिनाभरातच, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांचेही पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना निधन झाले. एकाच विचाराची ही दोन माणसे एकाच प्रकारे गेली.

मुलांनो, आज मुंबईतल्या बहुतेक गिरण्या बंद झाल्या आहेत. त्यांच्या जागी उंच इमारती आणि मोठमोठी दुकाने उभी आहेत. मँचेस्टरचेही तसेच झाले. तिथल्या पुष्कळ जुन्या गिरण्यांत आता घरे आणि कचेऱ्या आहेत. कापसाचा तो मोठा धंदा दोन्हीकडून गेला, पण आठवड्याची सुट्टी राहिली. स्वतंत्र भारताने १९४८ साली कारखान्यांचा नवा कायदा केला, त्यातही ती कायम ठेवली. भारत सरकारने २००५ साली नारायणरावांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्या माणसाने कधी टपाल खात्यात नोकरी केली होती, त्याचेच चित्र पत्रांवर लागले! मुंबईत परळ येथे कामगारविषयक शिक्षण देणारी महाराष्ट्र शासनाची संस्था आहे. तिलाही त्यांचे नाव दिलेले आहे.

आता शेवटची गोष्ट. पुढच्या रविवारी जरा आपल्या गल्लीकडे नीट पाहा. सगळ्यांनाच सुट्टी आहे का? कोणी हॉटेलात भांडी घासत असेल. कोणी वालीवच्या एखाद्या गाळ्यात यंत्रावर उभा असेल. कोणी इमारतीच्या दारात पहारा देत असेल, कोणी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला निघाली असेल. काही कामे रविवारीही करावीच लागतात, हे खरे. दवाखाना बंद ठेवता येत नाही, रेल्वेही थांबवता येत नाही. पण त्या माणसांना दुसऱ्या एखाद्या वारी तरी सुट्टी मिळते का? ती मिळाली तर पगार कापला जातो का? हे त्यांना आदराने विचारून पाहा. नारायणरावांनी आपल्या कामाची सुरुवात अशीच केली होती. गिरणीच्या भांडारात बसून त्यांनी आधी माणसांकडे नीट पाहिले होते.

स्वाध्याय

१. नारायणराव लोखंडे यांचा जन्म कोठे व कोणत्या साली झाला?
२. 'दीनबंधू' या नावाचा अर्थ काय? उर्दूतील 'दीन' आणि मराठीतील 'दीन' यांत कोणता फरक आहे?
३. १८८४ च्या अर्जातील पाच मागण्या तुमच्या शब्दांत लिहा.
४. मुंबईच्या कारखान्यांसाठी कायदा व्हावा, असे मँचेस्टरच्या मालकांना का वाटत होते? नारायणरावांनी कोणाची बाजू घेतली?
५. १८९३ आणि १८९६ च्या संकटांत नारायणरावांनी काय केले?
६. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या कामगाराला भेटा. त्याच्या कामाचे तास आणि सुट्टीचा दिवस विचारा. त्यावर मराठीत दहा ओळी लिहा.